उपस्थितांचं एकमत

तोंडात कापसाचे दोन बोळे, लाळ ओढणारी नळी आणि स्वतःची दोन बोटं एवढा ऐवज व्यवस्थित बसवून झाल्यावर दंतवैद्यानं विचारलं, "मग बाई, तुमच्या विमानांची पार्टी कधी?" हा त्याचा नेहमीचा शिरस्ता. माणूस बोलू शकत असतो तोवर हा मुखस्तंभ. एकदा का समोरच्याचं तोंड उघडं अडकवून ठेवलं की याला गप्पा सुचतात. खुर्चीच्या बरोब्बर वर, छताला, त्यानं एक टीव्ही पालथा टांगला होता, पेशंटचं मन रमावं म्हणून. आवाज बंद होता. पडद्यावर दोन लढाऊ विमानं शेजारी शेजारी उभी होती आणि त्यांच्या मधून एकेक शब्द सरकत होता : वेग, रडार, क्षेपणास्त्रं, पल्ला. प्रत्येक शब्दाला एका विमानापुढे हिरवी खूण उमटत होती, दुसऱ्यापुढे लाल फुली, आणि उमटताना ती खूण चेंडूसारखी जरा उसळत होती. मग खालून पट्टी धावत आली. खरेदीवर शिक्कामोर्तब, मूल्यमापन समितीची शिफारस एकमताने. तिनं ती पट्टी वाचली. पट्टी फिरून आली तेव्हा पुन्हा वाचली. मग तिनं "नाही" म्हटलं. म्हणजे म्हणायला गेली. बाहेर पडला तो घशातला एक ओला आवाज. "दुखतंय?" दंतवैद्यानं मायेनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हिरडीत आणखी एक सुई टोचली.

जिभेची डावी कड आधी जड झाली, मग गाल, मग ओठ आपला नसून कुणाचा तरी उसना आणून चिकटवल्यासारखा झाला. एकमताने. म्हणजे समितीतल्या सातही जणांनी. म्हणजे तिनंसुद्धा. सातातून एक वजा केला की सहा उरतात हे पहिलीतल्या पोराला येतं. तिच्या खात्यात सातातून एक वजा केला तरी सातच उरत होते. दंतवैद्याचं यंत्र सुरू झालं आणि तिच्या कवटीच्या आत कुठेतरी एक बारीक, चढत जाणारी शिट्टी घुमायला लागली. असा आवाज तिला परका नव्हता. उभी नोकरी तिनं असल्याच, फक्त फार मोठ्या आवाजांच्या आसपास काढली होती, कानात बोळे घालून, हातात पाटी धरून. किती ओझं घेऊन, किती धावपट्टी खाऊन, किती वेळात किती उंच : एवढंच तिचं काम. समितीत बाकीच्यांना मतं होती, तिला आकडे होते, म्हणून तिला आकडेवाली बाई म्हणत. मागून काय म्हणत तेही तिला ठाऊक होतं. पण आकडे लागत तेव्हा सगळे तिच्याच टेबलाशी येत, आणि गरज सरो वैद्य मरो या न्यायानं उठून जात.

दोन्ही विमानांना खरी नावं होती. कंपन्यांनी ठेवलेली, शिकारी पक्ष्यांची नाहीतर वादळांची असतात तसली. समितीत मात्र पहिल्या महिन्यातच त्यांचं थोरलं आणि धाकटं असं बारसं झालं. थोरलं दोन इंजिनांचं, अंगानं भरलेलं, खाणं दांडगं, चाल जड, पण पाठीवर काय वाट्टेल ते घेऊन लांबवर जाणारं. धाकटं एका इंजिनाचं, चपळ, वळायला झटपट, देखभालीला सोपं. पण दमाचं नाही, आणि त्याच्या ज्या क्षेपणास्त्राचं सगळे कौतुक करत ते अजून फक्त गुळगुळीत कागदावरच्या चित्रात होतं. घरात दोन भाऊ असले की एकात असतं ते दुसऱ्यात नसतं, यात नवल काहीच नाही. प्रश्न आपल्याला काय हवंय हा असतो. तो प्रश्न मात्र कुणाला नको होता. मंत्र्यांना विजेता हवा होता, वर्तमानपत्रांना पराभूत हवा होता, आणि मधल्या काळात दोन्ही कंपन्यांनी मिळून समितीला इतक्या शाई-पेनांच्या पेट्या पाठवल्या होत्या की तिच्या नवऱ्यानं एकदा म्हटलं, विमान घ्या नका घेऊ, निदान शाई तरी संपवा.

गंमत म्हणजे आज थोरल्याच्या शिडीवर उभं राहून, शिरस्त्राणाचा पट्टा उलटा बांधून ज्या मंत्र्यांनी फोटो काढून घेतला, तेच विरोधात असताना थोरल्याला पांढरा हत्ती म्हणत होते. आणि आज जे पांढरा हत्ती म्हणून बाकं वाजवत होते, त्यांच्याच राज्यात थोरल्याच्या वाटाघाटी सुरू झाल्या होत्या. खुर्च्यांची अदलाबदल झाली तेव्हा दोघांनी आपापली भाषणंही जागेवरच सोडली असावीत. नव्यानं बसणाऱ्यानं ती उचलून वाचायला सुरुवात केली. गेल्या आठवड्यात त्या विरोधातल्यांचे एक गृहस्थ तिच्या घरी आले होते. सोफ्याच्या कडेवर बसले, भिंतीवरच्या फोटोतल्या तिच्या वडिलांना उगाच नमस्कार केला, आणि म्हणाले की बाई, तुम्ही नाराज आहात असं कानावर आलंय. तुम्ही फक्त एवढंच म्हणा की धाकटं सरस होतं. ती म्हणाली, ते मला माहीत नाही. त्यांना वाटलं ती भाव खातेय. त्यांनी देशाचा विषय काढला, मग तिच्या बढतीचा, मग पुन्हा देशाचा. शेवटी तिनं सांगितलं की धाकटं सरस आहे की नाही हे मला खरंच माहीत नाही, थोरल्याचंही नाही, आणि मला माहीत नाही म्हणजे कुणालाच माहीत नाही. चहा अर्धा टाकून ते उठले. जाताना नवऱ्याला म्हणाले, वहिनी जरा हट्टी दिसतात.

शिट्टी थांबली. दंतवैद्यानं चूळ भरायला सांगितलं आणि ती वाकली तेव्हा अर्धं पाणी ओठाच्या कोपऱ्यातून आपलं आपणच गळालं. तिला कळलंसुद्धा नाही, फक्त गळ्यावर गार लागलं. भांड्यातलं गुलाबी पाणी फिरत फिरत भोकात गेलं. पुन्हा आडवं व्हा, तो म्हणाला. वर पुन्हा तीच दोन विमानं. आता शेजारी तिघं जण चौकटीत बसून एकमेकांवर ओरडत होते. आवाज नसल्यामुळे तिघांना एकदम दाढदुखी झाल्यासारखी दिसत होती. पल्ला : हिरवी खूण. उष्ण हवामान : थोरल्यापुढे हिरवी खूण. ही दुसरी खूण उसळली तशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती खूण कुठून आली हे सबंध देशात तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

तळ होता वाळवंटाच्या तोंडाशी. एकच आखूड धावपट्टी, टोकाला काटेरी तार, तारेपलीकडे उघडं रान. विमानं प्रत्यक्षात कामाला लागणार ती याच तळावर, म्हणून चाचणीही इथंच, आणि मुद्दाम वर्षातल्या सगळ्यात तापणाऱ्या महिन्यात. कारण तापलेली हवा पातळ होते. पंखांना टेकायला काही उरत नाही, इंजिनाला धाप लागते, आणि जे विमान थंडीत ऐटीत उठतं ते उन्हाळ्यात लांबच लांब धावत सुटतं. थोरलं आलं ते कंपनीच्या माणसांचा ताफा घेऊन. गोरीमोरी झालेली, टोप्या घातलेली, घामानं निथळणारी माणसं. पहिल्या दुपारी त्यांच्यातल्या एकाला भोवळ आली. तळाचे प्रमुख दिलदार माणूस. ते म्हणाले, पाहुण्यांना उन्हात कशाला उभं करायचं, आपण पहाटे घेऊ. आणि थोरल्याची सगळी उड्डाणं पहाटे झाली, वाळू अजून गार असताना, अंगावर शाल घ्यावी अशा हवेत. तिनं तिथल्या तिथं हरकत घेतली. तळप्रमुख हसून म्हणाले, बाई, महिना कुठला आहे? त्यांच्या तक्त्यात रकाना होता "उन्हाळी चाचणी" आणि त्यापुढे लिहायचा होता महिना. तापमानाला रकानाच नव्हता. तक्ता करणाऱ्याच्या मनात आलंच नसणार की उन्हाळ्यात कुणी गार वेळ शोधून काढेल. रकान्यात महिना भरला, चाचणी झाली. मग धाकटं आलं. त्यांची माणसं हेकट. त्यांना वाटलं दुपारी उडवून दाखवलं तर छाप पडेल. भर दुपारी, पायातल्या बुटाचा तळवा डांबराला चिकटत असताना, धाकटं धावलं, धावलं, आणि टोकाच्या आधी कसंबसं उठलं. त्याचाही महिना तोच. तक्त्यात दोन्ही आकडे एका ओळीत, गुण्यागोविंदानं, शेजारी शेजारी. पहाट दुपारला हरवून बसली होती.

थोरलं उडवणारा चाचणी-वैमानिकही समितीत होता. त्याला सगळे मौनी म्हणत. चांगला माणूस, हात स्थिर, बोलणं असं की विमानतळावर त्याला उतरायची परवानगी मागायला लागते म्हणून तेवढं तो बोलतो, असा विनोद होता. त्या पहाटे उतरल्यावर त्यानं शिरस्त्राण काढून काखेत धरलं आणि तो बराच वेळ धावपट्टीच्या टोकाकडे बघत उभा राहिला. तिनं विचारलं, कसं वाटलं? तो म्हणाला, ठीक. ठीक या शब्दात माणूस काय काय दडवू शकतो हे तिला कळायला हवं होतं असं नाही, कळलंच होतं. पण तिच्या तक्त्यात ठीक या शब्दालाही रकाना नव्हता.

तिचे वडील वजनमाप खात्यात निरीक्षक होते. पितळी वजनांची पेटी घेऊन बाजारातून दुकानोदुकानी हिंडायचे, आणि शाळेला सुटी असली की तिला बरोबर न्यायचे. दुकानदार त्यांना बघून हातातलं सगळं सोडून गोड बोलायला लागत. वडील कुणाचं ऐकत नसत, गिऱ्हाईक काय घेतंय, मापं खरी की खोटी, हे आधी बघतही नसत. आधी दोन्ही पारडी रिकामी करायला लावत. रिकामा काटा मध्ये उभा राहतो का बघ, म्हणायचे. तो कलता असेल तर पुढे कितीही प्रामाणिकपणे तोला, चोरीच होते. एकदा एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या तराजूखाली चिंचोक्याएवढा मेणाचा गोळा सापडला. तो रडायला लागला, म्हणाला, मी नाही, माझ्या बापानं लावलेला असेल, मला माहीतच नव्हतं. घरी येताना तिनं विचारलं, तो खरं बोलत होता का? वडील म्हणाले, असेलही, पण ज्यांचं धान्य गेलं त्यांना काय फरक पडतो? हा बाप तिला आत्ता, तोंड वासून, डोळ्यांत दिव्याचा झोत घेऊन पडली असताना आठवला, आणि तिला आश्चर्य वाटलं की रागानं माणसाला रडूही येतं. दंतवैद्यानं कापसानं तिच्या डोळ्याची कड टिपली. झालंच हं, तो म्हणाला.

आणि ती बैठक. तिच्या कार्यालयातली लांब खोली, अंडाकृती टेबल, मधोमध थोरल्याची प्लास्टिकची छोटी प्रतिकृती, कंपनीनं भेट दिलेली. धाकट्याची प्रतिकृती खिडकीत, पडद्याआड. अध्यक्ष होते साखरसाहेब. हे त्यांचं पाठीमागचं नाव. त्यांच्या तोंडातून आजवर कुणाला "नाही" ऐकायला मिळालं नव्हतं, आणि कुणाचं काम झालं नव्हतं. तिनं तापमानाचा मुद्दा काढला. बोलली ती नीट, आवाज न चढवता, थोरल्याची चाचणी दुपारी पुन्हा घ्या, तेवढंच मागितलं. साखरसाहेबांनी मान डोलावली. किती महत्त्वाचा मुद्दा, म्हणाले. त्या पहाटेचं नक्की तापमान आहे का आपल्याकडे? नसेल तर आणा ना, तुमच्याशिवाय कुणाला समजणार. आणि ती उठली. याच गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त संताप होता, की ती आनंदानं उठली. लांब मार्गिकेतून, दोन जिने उतरून, हवामान कक्षाकडे जवळजवळ धावतच गेली. तिथला कारकून जेवायला गेलेला. आला, हात पुसले, कपाट उघडलं, आकडा शोधून दिला. तो घेऊन ती परत आली तेव्हा टेबलावरचे कप उचलले जात होते. आटोपलं, साखरसाहेब हसून म्हणाले, तुमचा आकडा द्या, जोडून टाकू. कसला निर्णय झाला असं विचारायची तिला गरजच नव्हती. मौनीनं तिच्याकडे न बघता पेनाचं टोपण लावलं, त्यावरून कळलं. नंतर तिनं लेखी हरकत दिली. उत्तर आलं, नोंद घेतली आहे. तिची समजूत अशी की इतिवृत्तात तिची हरकत असणार, नाहीतर निदान तिची जागा मोकळी दिसणार. आज छतावरून उलटी लोंबणारी पट्टी वाचेपर्यंत तिला ठाऊक नव्हतं की त्या खात्यात एकमत असं करतात : ज्याचं मत वेगळं असतं त्याला पुरावा आणायला पाठवतात, आणि मग उपस्थितांना विचारतात.

दाढ निघाल्यावर दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत ती गालावर हात धरून बसली होती तेव्हा साखरसाहेबांचा फोन आला. दुपारी सभागृहाच्या चौकशी समितीपुढे सगळ्यांना जायचं होतं, हे तिला माहीत होतं. पण नुसतं बसायचं आहे, काळजी नको, असं सांगायला त्यांनी फोन केला होता. तिनं उत्तर दिलं त्यातले निम्मे शब्द ओठाच्या जड बाजूला अडखळून पडले. साखरसाहेबांनी काय झालं विचारलं, आणि दाढ काढल्याचं कळलं तेव्हा त्यांच्या आवाजात खरोखरीचा, मनापासूनचा कळवळा आला. अरेरे, म्हणाले. मग तुम्ही अजिबात बोलू नका. मी सांगतो त्यांना. नवऱ्याला फोन केला तर तोही तेच म्हणाला, वेगळ्या कारणानं. निवृत्तीला किती राहिलंय, विमानं काय तुझ्या म्हणण्यानं थांबणार आहेत का, घरी ये, थंड काहीतरी पी. त्याचंही चुकत नव्हतं. विमानं थांबणार नव्हतीच. पहिली तुकडी हिवाळ्यातच येणार असल्याची बातमी होती. पण थोरलं आलं की त्याबरोबर एक जाडजूड पुस्तक येणार होतं, वैमानिकानं किती ओझं घेऊन किती धावपट्टीत उठायचं याचं, आणि त्यातला त्या तळाचा तक्ता त्या पहाटेच्या आकड्यांवरून बनणार होता, सात जणांच्या एकमतानं. कुठल्यातरी दुपारी कुणीतरी पंचविशीतलं पोर तो तक्ता बघून पूर्ण ओझं चढवणार होतं. तिच्या नावावर. ती उठली. बसमध्ये शेजारच्या बाईनं तिच्या हनुवटीकडे बोट दाखवून सांगितलं, लाळ गळतेय हो, आणि पदराच्या टोकासारखा मऊ रुमाल स्वतःच पुढे केला.

चौकशी समितीची खोली गार होती, इतकी की लोकांनी कोट काढले नव्हते. समितीच्या प्रमुख एक वयस्कर वकीलबाई, चष्म्यावरून बघणाऱ्या. एका बाजूला सत्तेतले सभासद, दुसऱ्या बाजूला विरोधातले, मध्ये पाण्याच्या बाटल्यांची भिंत. साखरसाहेब अर्धा तास बोलले. ते बोलताना तिला जाणवलं की ते खोटं एकही वाक्य बोलत नाहीत. उन्हाळी चाचणी झाली. आकडे तपासले. उपस्थित सदस्यांचं एकमत झालं. शेवटी प्रमुखांनी तिच्याकडे बघून विचारलं की आकड्यांचं काम तुमचं ना, आणि साखरसाहेब लगबगीनं म्हणाले, आजच दाढ काढलीय त्यांची, बोलता येत नाही बिचारीला, त्यांच्या वतीनं मी सांगतो. बिचारीला, असं म्हणाले. मौनी तिच्या दोन खुर्च्या पलीकडे बसून टेबलाच्या कडेवरची एक चीर नखानं कोरत होता.

"बोलता येतं," ती म्हणाली. शब्द लोंबत बाहेर आला. "हळू बोलेन."

मग ती हळू बोलली. एकेक शब्द उचलून ओठाच्या चांगल्या बाजूला नेऊन ठेवावा लागत होता. बैठकीत काय झालं, तिला कुठं पाठवलं, परत आली तेव्हा काय आवराआवर चालली होती, हे तिनं सांगितलं. साखरसाहेबांनी सुचवलं की मग इतिवृत्तात एक सदस्य अनुपस्थित अशी दुरुस्ती करून टाकू, हरकत नाही. ती म्हणाली, मी अनुपस्थित नव्हते, मला पाठवलं होतं. विरोधातल्यांपैकी एक जण टेबलावर पुढे झुकला. सोफ्याच्या कडेवर बसलेले गृहस्थ हेच. आज त्यांनी ओळख दाखवली नाही. म्हणजे धाकटं सरस होतं, असंच ना, त्यांनी विचारलं, आणि लिहिणाऱ्या बाईकडे बघितलं. नाही, ती म्हणाली. मग थोरलं? तेही नाही. त्यांची तुलना झालेलीच नाही. एकाला पहाटे पळवलं, दुसऱ्याला भर दुपारी, आणि कोण जास्त दमलं ते शेजारी शेजारी लिहिलं. विरोधातले मागे टेकले. त्यांचा तिच्यातला रस तिथंच संपला. सत्तेतले एक जण हसले, म्हणाले की पहाट काय नि दुपार काय, युद्ध काय घड्याळ बघून होतं का बाई?

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.

प्रमुखांनी चष्मा काढला आणि सांगितलं की ते पातळ हवेचं वगैरे राहू द्या, आम्हाला समजेल असं सांगा, फरक पडतो म्हणजे काय पडतो.

"पहाटे ते विमान धावपट्टी संपायच्या आत उठतं," ती म्हणाली. ओठ पुसला. "दुपारी धावपट्टी आधी संपते."

प्रमुख मौनीकडे वळल्या, आणि तुम्ही उडवलंत ना, हे असं होईल का, म्हणून विचारलं. मौनीनं नख चिरेतून काढलं. "मी पहाटे उडवलं," तो म्हणाला. "दुपारचं मला माहीत नाही." एवढंच. पण साखरसाहेबांच्या चेहऱ्यावरची साखर प्रथमच जरा ओली झाली. पुढचं सगळं मग आपोआप होत गेलं, म्हणजे व्हायला हवं त्याच्या निम्मं. करार कायम राहिला. त्याला हात लावायची ताकद त्या खोलीत कुणाच्याच अंगात नव्हती, आणि इच्छा तर नव्हतीच. एकमताने हा शब्द काढून एका सदस्याच्या विरोधासह असं घालायचं ठरलं. आणि पहिलं विमान आल्यावर, पुस्तकातला तक्ता कायम करण्याआधी, त्या तळावर दुपारची एक चाचणी. साखरसाहेबांनी तत्परतेनं डायरी उघडली, पानं चाळली, आणि म्हणाले की थंडी सरता सरता एक दुपार मोकळी आहे, अगदी सोयीची. तिनं मागितलेली दुपार तिला देण्याची त्यांनी पूर्ण तयारी ठेवली होती. फक्त उन्हाळा द्यायचा राहून गेला होता. तिला हसू आलं असतं, तोंड जागेवर असतं तर. "उन्हाळ्यातली," ती लिहिणाऱ्या बाईला म्हणाली. "लिहा. आणि त्या दिवशीचं तापमानसुद्धा." प्रमुखांनी होकारार्थी मान हलवली आणि पुढचा विषय घेतला. पुढचा विषय होता जहाजांचा.

बाहेर मार्गिकेत उंच खिडक्यांतून ऊन आलं होतं. मौनी तिच्यामागून आला. चालता चालता म्हणाला, बरं झालं बाई, तुम्ही बोललात. आणि एवढा वेळ, सकाळपासून, साखरसाहेबांसाठी, मंत्र्यांसाठी, सोफ्यावरच्या गृहस्थांसाठी, छतावरच्या त्या उसळणाऱ्या हिरव्या खुणेसाठी तिनं जो संताप सांभाळून ठेवला होता, तो सगळाच्या सगळा या चांगल्या माणसावर निघाला.

"माझं अर्धं तोंड बधिर होतं," ती म्हणाली. "तुमचं काय झालं होतं?"

तो खिडकीशी थांबला आणि तिच्याकडे न बघता त्यानं सांगितलं की त्या पहाटेसुद्धा चाकं सुटली तेव्हा टोकाची तार दिसली होती. नुसती दिसली नव्हती, तिचे काटे दिसले होते. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. सांगितलं असतं तर पुढच्या विमानावर त्याच्या जागी दुसरा वैमानिक बसवला असता. तिचा राग कमी झाला नाही. उलट तो आता जास्त जड झाला, कारण त्यात एक माणूस बसला होता. गालात कुठेतरी मुंग्या यायला लागल्या होत्या.

"उन्हाळ्यातली ती चाचणी मलाच उडवायला लागणार," तो म्हणाला. "दुसरं कुणी नाही त्या विमानावर शिकलेलं."

तिला हे खोलीत असतानाच माहीत असायला हवं होतं. तिनं दुपार मागितली, उन्हाळा मागितला, तापमानही लिहून घेतलं. आत कोण बसणार हे तिच्याही तक्त्यात नव्हतं. ती म्हणाली की मग पहिल्या फेरीला अर्धंच ओझं घ्यायचं, टाकीत इंधन किती ते मी काढून देईन, दुसऱ्या फेरीला थोडं वाढवायचं, आकडे बघायचे, मग पुढचं. तो म्हणाला, तसं होणार नाही. सगळे बघायला आलेले असतील, मंडप असेल, कॅमेरे असतील. साहेब म्हणतील, पूर्ण ओझ्यानं एकदा उडवून दाखवा आणि बाईंची शंका फेडून टाका. तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. हवामान सांगावं तसं सांगत होता.

"मग मी धावपट्टीच्या टोकाला उभी राहीन," ती म्हणाली. "तारेला पाठ लावून."

"तिथं कुणाला उभं राहू देत नाहीत, बाई."

"मग ओझं मी सांगेन तेवढंच," ती म्हणाली. प्रत्येक शब्द आता दुखत बाहेर येत होता, पण सरळ येत होता. "आणि हे त्यांना तोंड उघडून सांगायचं. मंडपात, सगळ्यांच्या देखत. मी नाही सांगणार. तुम्ही."